शेपू, सब्जा, झेंडू सगळं लावलं, तरी मावा दर वेळी परत का येतो?

तक्रार साधारण अशी असते. वाफ्याच्या कडेनं झेंडू लावलेला, मधे सब्जा आणि पुदिना, एका ओळीत शेपू नि कोथिंबीर. पहिले काही आठवडे सगळं उत्तम. मग कोबी, मिरची किंवा चवळीच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसायला लागतो. बघता बघता पानं आकसतात, खालच्या पानांवर चिकटा, म्हणजे माव्याची गोड, चिकट विष्ठा, पडतो आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी धरते. शेवटी वैतागून काहीतरी फवारलं जातं. मावा जातो, आणि दोन-तीन आठवड्यांत पहिल्यापेक्षा जोरात परत येतो. असे एक-दोन हंगाम गेले की माणूस ठरवूनच टाकतो, सुगंधी झाडांनी कीड आटोक्यात येते ही नुसती ऐकीव गोष्ट आहे.

ऐकीव भाग त्यात आहेच, त्याकडे येऊ. पण माझं मत असं, की बहुतेक बागांमध्ये झाडांच्या निवडीपेक्षा वेळ चुकलेली असते. मित्रकीटकांना, म्हणजे कीड खाऊन आपल्याला मदत करणाऱ्या किड्यांना, ज्या आठवड्यात फुलं हवी असतात तेव्हा बागेत फुलं नसतात, आणि ते कामाला लागतात नेमकं तेव्हाच आपण पंप उचलतो.

वासावर किती भिस्त ठेवायची

सुगंधी झाडांच्या वासात पिकाचा वास झाकला जातो आणि कीड गोंधळते, असं सर्रास सांगितलं जातं. इंग्लंडमध्ये वेल्सबर्न इथे स्टॅन फिंच आणि रोझमेरी कॉलियर या संशोधकांनी कोबीच्या मुळांना लागणाऱ्या माशीवर काम करताना ही समजूत तपासून पाहिली. ही माशी अंडी घालण्याआधी झाडावर पुन्हा पुन्हा उतरून पानाची खात्री करून घेते. लागोपाठ काही वेळा योग्य पान पायाखाली आलं तरच ती अंडी घालते. मधेच दुसरंच पान लागलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. उघड्या मातीतल्या कोबीवर ३६ टक्के माश्यांनी अंडी घातली, तर भोवती क्लोव्हर (तीन पानी चाऱ्याची वनस्पती) दाट वाढलेलं असताना फक्त ७ टक्क्यांनी. क्लोव्हरच्या पानांना म्हणण्यासारखा वास नसतो. पुढे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सुगंधी आणि बिनवासाच्या झाडांची थेट तुलना केली, तेव्हाही सुगंधी झाडं वरचढ ठरली नाहीत. माशीला अडवत होता तो आजूबाजूचा हिरवा पसारा. हिरव्या कागदानंसुद्धा तिची थोडीफार फसगत होत होती.

अपवाद आहेत. केनियात मक्यामध्ये मोलॅसिस गवत लावल्यावर खोडकीड कमी झाली आणि तिच्यावर जगणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्या वाढल्या, हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे खरोखरच गवतानं हवेत सोडलेली द्रव्यं काम करत होती. पण ते एक ठरावीक गवत आणि एक ठरावीक कीड. त्यावरून वाफ्याच्या कोपऱ्यातला पुदिना सगळ्या भाज्यांची राखण करेल, असं अनुमान निघत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मित्रकीटकांना बोलावणारा वास बऱ्याचदा कीड लागलेलं पीकच सोडतं. मावा रस शोषू लागला की पानातून मिथाइल सॅलिसिलेटसारखी द्रव्यं बाहेर पडतात आणि ढालकिडे, क्रायसोपा (जाळीदार पंखांचा हिरवा कीटक), सिरफिड माश्या (फुलांवर घिरट्या घालणाऱ्या माश्या) त्या मागावर येतात. म्हणजे बोलावणं पिकाकडून जातं. आलेल्या पाहुण्याला थांबवायला मात्र मध आणि पराग लागतात, आणि तिथे आपल्या सुगंधी झाडांची खरी गरज सुरू होते.

बागेत सुगंध आहे, पण फूल आहे का?

ही पहिली तपासणी, आणि बहुतेक तक्रारी इथेच सुटतात. वाफ्यासमोर उभं राहून आज उघडी असलेली फुलं मोजा. पानं मोजायची नाहीत, झाडंही मोजायची नाहीत.

गवती चहा कितीही घमघमला तरी ते गवत आहे. मुळात फुलतो क्वचित, आणि फुलला तरी त्यात मध नसतो. पानओवा, म्हणजे जाड लुसलुशीत पानांचा तो कुंडीतला ओवा, वर्षानुवर्षं फुलाविना राहू शकतो. त्याचा आणि बियांच्या खऱ्या ओव्याचा वास जुळतो म्हणून लोक दोन्ही एकच धरतात, पण मित्रकीटकांच्या दृष्टीनं पहिला निरुपयोगी आणि दुसरा फार मोलाचा. लसूण बहुधा फुलायच्या आधीच काढला जातो. सब्जा आणि तुळस फुलतात, पण झाड घेरदार व्हावं म्हणून आपण त्यांचे तुरे इमानेइतबारे खुडत बसतो. कोथिंबीर आणि शेपूला दांडा फुटला की ‘निबर झाली’ म्हणून उपटून टाकतो. अशी बाग नाकाला भरलेली आणि किड्यांना ओसाड असते.

उपाय सोपा आहे: काही रोपं तोडणीसाठी आणि काही फक्त फुलण्यासाठी, अशी पहिल्या दिवसापासून वाटणी करा. फुलण्यासाठी राखलेल्या रोपाला हात लावायचा नाही. सब्जाची चार झाडं असतील तर आळीपाळीनं दोन खुडा, दोन फुलू द्या.

दुसरा प्रश्न फुलाच्या आकाराचा. सिरफिड माशीचं तोंड आखूड असतं, परोपजीवी गांधीलमाश्यांचं त्याहून आखूड. त्यांना मध उघड्यावर, उथळ जागी लागतो. कोथिंबीर, शेपू, बडीशेप, ओवा, गाजर या एकाच कुळातल्या झाडांना छत्रीसारखा फुलोरा येतो. बारीक बारीक शेकडो फुलं, आणि प्रत्येकात मध अगदी वरच. मावा खाणाऱ्या टोळीसाठी यापेक्षा चांगली सोय नाही. सब्जा, तुळस, रोझमेरी, लॅव्हेंडर यांची फुलं नळीसारखी. तिथे मधमाश्यांची झुंबड उडते, परागीभवनाला ती उपयोगी पडते, पण त्या गर्दीवरून मावा आटोक्यात येईल असा अंदाज बांधू नका. पुदिन्याची फुलं त्या मानानं लहान आणि उथळ असल्यामुळे तिथे बारीक माश्या नि गांधीलमाश्या बऱ्यापैकी दिसतात. पुदिना कुंडीत ठेवावा, नाहीतर सगळा वाफा त्याचाच होतो.

भरगच्च पाकळ्यांच्या जातींपासून सावध राहा. झेंडूचा गोंडा जितका गच्च, तितकी त्यातली मध-पराग देणारी मधली फुलं कमी. या कामाला एकेरी पाकळ्यांचा झेंडू बरा.

रोपांची संख्या हाही मुद्दा आहे. वाफ्याच्या टोकाला शेपूचं एक झाड फुललंय आणि दुसऱ्या टोकाला कोबीवर मावा आहे, एवढ्यानं भागत नाही. परोपजीवी गांधीलमाश्यांपैकी कित्येक २-३ मिलिमीटरच्या, काही त्याहून लहान. त्या फुलापासून फार दूर जाऊन काम करत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात लेट्यूसचे शेतकरी सिरफिड माश्यांसाठी अलिसम या बारीक फुलांच्या झाडाची रोपं पिकाच्या मधेच लावतात, ती याच कारणानं. घरच्या वाफ्यात दहावा हिस्सा जागा फुलांना, आणि ती एका कोपऱ्यात न देता ओळींमध्ये विखरून, असा माझा ढोबळ अंदाज आहे. जागा ऊन लागणारी आणि वाऱ्यापासून थोडी आडोशाची असावी. भर वाऱ्यात सिरफिड माश्या फुलावर टिकत नाहीत. पीक बारीक जाळीच्या आत असेल तर फुलंही आतच हवीत, आणि तरीही बाहेरचे मित्रकीटक आत येऊ शकणार नाहीत हे धरून चाला.

खरी मेख: मावा आठवड्यात वाढतो, ढालकिडा महिन्यात

मावा दर वेळी परत का येतो याचं सगळ्यात मोठं कारण इथे आहे, म्हणून जरा थांबून पाहू.

उष्ण हवामानात माव्याच्या माद्या नराशिवायच पिल्लं देतात, तीही अंडी न घालता थेट जिवंत. जन्मलेलं पिल्लू साधारण आठवडा-दहा दिवसांत स्वतः पिल्लं द्यायला लागतं. त्याच्या पोटात पुढची पिढी जन्माआधीच वाढू लागलेली असते. एका मादीपासून काही डझन पिल्लं. आता समोरची बाजू: ढालकिड्याच्या अंड्यापासून पूर्ण किडा व्हायला ३ ते ४ आठवडे, क्रायसोपाला जवळपास तेवढेच. माव्याच्या पोटात अंडं घालून त्याची पोकळ ‘मम्मी’ करणाऱ्या ॲफिडियस या परोपजीवी गांधीलमाशीला सुमारे २ आठवडे. सिरफिड माशीचं अंडं २-३ दिवसांत फुटतं आणि तिची अळी शेकडो मावा खाते, पण अंड्यापासून माशी व्हायला तिलाही दोन-तीन आठवडे लागतात.

शिवाय सिरफिडची मादी कोवळी असताना तिच्या पोटातली अंडी पक्व होण्यासाठी पराग खावे लागतात, आणि मग ती अंडी घालते माव्याच्या घोळक्याजवळच. यातून दोन गोष्टी निघतात. एक, मावा अजिबात नसेल तर मित्रकीटकही राहणार नाहीत. थोडा मावा सहन करावाच लागतो. दोन, माव्याची पहिली लाट येते तेव्हा पराग खाल्लेली मादी बागेत *आधीच* हवी. फुलं नंतर उमलली तर तिच्या पिल्लांची पलटण यायला उशीर होतो, तोवर शेंडे गेलेले असतात.

आता पेरणीचा हिशोब मांडा. उबदार हवेत कोथिंबिरीला फुलं यायला पेरणीपासून दीड ते दोन महिने लागतात, शेपूलाही तितकेच. सब्जा तसाच. बडीशेप नि ओवा याहून सावकाश. लोक हे सगळं कोबीच्या रोपांबरोबर एकाच दिवशी लावतात. कोबीवर मावा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो, शेपूची छत्री सातव्या आठवड्यात उघडते. मधली फट माव्याची.

ती बुजवायची तर फुलझाडं पिकाच्या किमान महिनाभर आधी पेरा, किंवा कुंड्यांत वाढवून फुलावर आलेली झाडं पीक लावतानाच वाफ्यात आणून ठेवा. कुंड्यांची पद्धत मला जास्त आवडते, कारण हलवता येतात. फार घाई असेल तर कुट्टू पेरा. सुगंधी नाही, पण चार-पाच आठवड्यांत फुलतो आणि मध भरपूर. आणि एकदाच पेरून थांबू नका. कोथिंबिरीचा फुलोरा दोन-तीन आठवड्यांत संपून धने धरायला लागतात, म्हणून दर तीन आठवड्यांनी मूठभर बी टाकत राहायचं. तुळस, सब्जा आणि अलिसम लांबवर फुलत राहतात, मधल्या खंडात तेवढाच आधार.

चवळीचा एक उपयोग इथेच सांगून टाकतो. चवळीला फुलाबाहेरही मधाचे थेंब येतात, आणि तिच्यावरचा काळा मावा ढालकिड्यांना लवकर ओढून आणतो. तो मावा मुख्यतः शेंगवर्गातल्या झाडांवर राहतो, त्यामुळे कोबीपासून थोड्या अंतरावर चवळीची एखादी ओळ म्हणजे मित्रकीटकांचं राखीव कोठार. अर्थात घेवडा किंवा भुईमूग हेच तुमचं मुख्य पीक असेल तर हा प्रयोग करू नका.

फवारण्याआधी भिंग घेऊन शेंडा पाहा

मावा दिसला म्हणजे सगळं फसलं असं नाही. पान उलटा आणि नीट पाहा. बागेतले मित्रकीटक ओळखता न आल्यानं जितके मरतात तितके दुसऱ्या कशानं मरत असतील असं मला वाटत नाही.

पानावर उभी रचलेली पिवळी, निमुळती अंडी दिसली तर ती ढालकिड्याची. त्याची अळी काळसर, नारिंगी ठिपक्यांची, मगरीच्या बेताची आणि चपळ; तिला कीड समजून चिरडणारे पुष्कळ. बारीक केसासारख्या देठाच्या टोकावर एकेक अंडं असेल तर ते क्रायसोपाचं. माव्याच्या घोळक्यात एखादंच पांढरं, तांदळाच्या कणीसारखं आडवं अंडं, किंवा पाय नसलेली, चपटी, हिरवट-तपकिरी अळी दिसली तर सिरफिड आली. ही अळी बरीचशी रात्री खाते, म्हणून दिवसा सापडली नाही तरी निराश होऊ नका. मधेच फुगलेला, टणक, सोनेरी-तपकिरी मावा दिसला तर ती मम्मी. आतला मावा गांधीलमाशीच्या अळीनं पोखरलेला आहे. मम्मीला गुळगुळीत कडांचं गोल भोक असेल तर उत्तम, नवी ॲफिडियस बाहेर पडली. भोकाच्या कडा फाटक्या, वेड्यावाकड्या असतील तर मात्र गांधीलमाशीवरच जगणारी दुसरी परोपजीवी तिथे पोचली असण्याची शक्यता आहे, आणि तिथे ॲफिडियसकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. पानावर पडलेले पांढरे कणही नवीन कीड नव्हे, ती माव्याची टाकलेली कात.

दोन फसवे चेहरे लक्षात ठेवा. वांग्या-बटाट्याच्या पानांची जाळी करणारा एपिलॅक्ना भुंगेरा ढालकिड्यासारखाच दिसतो, पण त्याची पाठ चकचकीत नसते, बारीक लव असते आणि ठिपके खूप असतात. त्याची अळी पिवळी, काटेरी. ती वेचून काढायची. उलट, पिठ्या ढेकणासारखी पांढरी, मेणचट, पण त्याच्यापेक्षा मोठी आणि भरभर चालणारी अळी दिसली तर हात आवरा. ती पिठ्या ढेकूण खाणाऱ्या क्रिप्टोलीमस भुंगेऱ्याची असू शकते.

यातलं काही दिसत असेल तर आठवडाभर थांबा आणि त्याच शेंड्यांवर खूण करून पुन्हा पाहा. काहीच दिसत नसेल आणि शेंडे आकसत असतील तर थांबण्यात अर्थ नाही. शेंड्याला बोटांचा आधार देऊन पाण्याचा जोरदार झोत मारा. खाली पडलेल्या माव्यातला फार थोडा वर परततो. खूपच बरबटलेला शेंडा खुडून टाका.

फवारणीनंतर तो जोरात का येतो

कारण मागचाच हिशोब. फवारणीतून माव्याच्या चार माद्या वाचल्या तरी पंधरा दिवसांत घोळका पुन्हा उभा राहतो. मित्रकीटकांतून चार वाचले तर त्यांना खायला मावा नाही, जोडीदार शोधायचा आहे, आणि पुढची पिढी महिन्यानं. यालाच किडीचा पुनरुद्रेक म्हणतात आणि तो जुना अनुभव आहे. कॅलिफोर्नियातल्या लिंबूवर्गीय बागांत १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या व्हेडालिया या ढालकिड्यानं तिथल्या खवले किडीचा उपद्रव संपवला होता. १९४० च्या दशकात त्याच बागांत डीडीटी फवारलं गेलं, ढालकिडे मेले आणि दबलेली खवले कीड पुन्हा उसळली.

‘मी तर फक्त निंबोळी अर्क वापरतो’ असं म्हणून सुटका होत नाही. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन कात टाकण्याची क्रिया बिघडवतं, आणि कात ढालकिड्याच्या अळीलाही टाकायची असते. साबणाचं पाणी ज्याच्या अंगावर पडेल त्या मऊ शरीराच्या किड्याला मारतं, तो कोणाच्या बाजूचा आहे हे त्याला कळत नाही. तरी या दोन्हींचा असर लवकर ओसरतो, म्हणून ते पायरेथ्रॉइड या रासायनिक कीटकनाशकांच्या गटातल्या औषधांपेक्षा कितीतरी बरे. वापरायचेच तर फक्त लागण झालेल्या शेंड्यांवर, मित्रकीटक नाहीत याची खात्री करून, संध्याकाळी. उघड्या फुलांवर काहीही फवारायचं नाही.

सगळ्यात नकळत होणारं नुकसान आंतरप्रवाही औषधांचं. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध मुळातून किंवा बियाण्यातून झाडात भिनतं आणि मध-परागांतही उतरतं. रोपवाटिकेतून फुलावर आलेलं झाड आणताना त्याला असं काही दिलंय का, हे विचारून घ्या; नाहीतर मित्रकीटकांसाठी मांडलेलं ताटच विषारी. स्पेनमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं, की थायामेथोक्झाम किंवा इमिडाक्लोप्रिड दिलेल्या झाडावरच्या पिठ्या ढेकणाच्या चिकट्यातूनही ही विषं बाहेर येतात आणि तो चिकटा चाटणाऱ्या सिरफिड माश्या नि परोपजीवी गांधीलमाश्या मरतात. म्हणजे फूल नसलं, थेट फवारा लागला नाही, तरीही. ‘माझ्याकडे फुलं भरपूर, फवारणी बंद, तरी एकही सिरफिड दिसत नाही’ अशी अवस्था असेल तर रोपं आणि बियाणं कुठून आणलं, इकडे वळा.

मुंग्या आणि खत

खोडावरून मुंग्यांची रांग वर जात असेल तर बाकी सगळं नीट असूनही मावा हटणार नाही. मुंग्या चिकट्यासाठी माव्याची राखण करतात, ढालकिड्याच्या अळ्या हुसकतात, अंडी उचलून नेतात. कुंडीच्या बुडाशी पाण्याची थाळी, खोडाला कागद गुंडाळून त्यावर चिकट पट्टी, वाफ्याबाहेरून टेकलेली फांदी छाटणं, यानं वाट तोडता येते. चिकट पदार्थ थेट सालीवर लावू नका.

युरिया किंवा दुसरं नत्राचं खत सढळ हातानं पडलं असेल तर शेंडे लुसलुशीत, रसात नत्र जास्त, आणि माव्याची पिल्लंही जास्त. खत थोडं थोडं विभागून द्या.

झेंडूबद्दल वेगळं

झेंडूच्या नावावर इतकं काही खपवलं जातं की स्वतंत्र लिहावं लागतंय. त्याच्या मुळांतलं अल्फा-टरथायनिल हे द्रव्य सूत्रकृमींना, म्हणजे मुळांना लागणाऱ्या सूक्ष्म कृमींना, मारक आहे, हे खरं. पण त्यासाठी पीक लावण्याआधी त्याच जागेत झेंडू दाट लावून सुमारे दोन महिने वाढवावा लागतो. टोमॅटोशेजारच्या दोन झाडांनी टोमॅटोच्या मुळांवरच्या गाठी जात नाहीत.

टोमॅटोवरच्या घाटे अळीसाठी झेंडू सापळा पीक म्हणून चालतो. तिथेही वेळच महत्त्वाची: उंच वाढणाऱ्या झेंडूची ४० ते ४५ दिवसांची रोपं आणि टोमॅटोची २५ दिवसांची रोपं एकाच वेळी, टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची १ ओळ, म्हणजे दोन्ही बरोबर फुलतात आणि पतंग झेंडूकडे वळतो. मग झेंडूवरच्या अळ्या वेचाव्याच लागतात, नाहीतर आपणच तिचं पाळणाघर चालवतो. कोरड्या, धुळीच्या दिवसांत झेंडूवर लाल कोळी आणि फुलकिडे दोन्ही माजतात, तेव्हा पानं करडी-ठिपकेदार झालेली झाडं काढून टाकलेली बरी.

याला दाद न देणाऱ्या तक्रारी

मावा, काही प्रमाणात पांढरी माशी, फुलकिडे, कोबीवरच्या लहान अळ्या, पतंगांची अंडी, इथपर्यंत फुलांनी पोसलेले मित्रकीटक फरक पाडतात. फळात शिरलेली अळी त्यांच्या हाताबाहेर. फळमाशीलाही यानं फारसा धक्का लागत नाही. तिच्यासाठी सापळे आणि किडकी फळं गोळा करून नष्ट करणं हाच मार्ग. लाल कोळ्यासाठी आधी धूळ धुवा आणि पाण्याचा ताण कमी करा, कारण त्याचे शत्रू परभक्षी कोळी आहेत आणि धूळभरल्या पानांवर त्यांचं बस्तान बसत नाही. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाबाबत एक खोच आहे: उघड्या फुलांचा मध त्या पतंगालाही चालतो. फुलं वाढवल्यावर पानांची भोकंही वाढली तर पानाच्या खालच्या बाजूच्या अळ्या मोजा आणि त्या ओळीपुरती फुलं कमी करून पाहा.

विषाणूजन्य रोगांचं गणित तर सर्वस्वी निराळं. माव्यातून पसरणारे कित्येक विषाणू सोंड टोचल्यावर काही सेकंदांत झाडात जातात. ढालकिडा त्या माव्याला नंतर खाऊन उपयोग नाही. मिरचीचा किंवा टोमॅटोचा शेंडा बोकडला, पानं पिवळी-हिरवी चितकबरी झाली आणि मावा किंवा पांढरी माशी गेल्यावरही नवी पालवी तशीच वाकडी येत राहिली, तर मित्रकीटकांची वाट पाहू नका. असं रोप पिशवीत झाकून उपटा आणि त्याच दिवशी बागेबाहेर काढा.